पावतीच्या पाठीवर

तासगावच्या भायेर, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज.
रात्रपाळीचा मी. बारा वर्षं झाली.
गेटवर खुर्ची, रजिस्टर, बॅटरी, आणि एक कुत्रं,
माझं न्हाई, पण माझ्यापाशीच बसतं.

वजनकाट्यावर आफ्रीन मुलाणी.
सातची सावळज एसटी यायच्या आधी
पाच क्रियापदं लिहून द्यायची मला
रद्द पावतीच्या पाठीवर.
पुढनं भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ माल.
मागनं गो, कम, ब्रिंग, होल्ड, फरगेट.
"नामं नंतर बघू, मामा," म्हणली,
"खुर्चीकडं बोट केलं तरी भागतं.
विसरणं कुठल्या बोटानं दाखवणार?"

रात्री अकराला कॉम्प्रेसर धरला की मी पाठ करायचो.
गो वेंट गॉन. ब्रिंग ब्रॉट ब्रॉट.
मग ती दुसरी, हट्टी जात:
पुट पुट पुट, कट कट कट, हर्ट हर्ट हर्ट.
काल असो, आज असो, रूप सोडत न्हाई.
म्हटलं बरं झालं, तेवढंच पाठांतर कमी.
मग गुडघा चोळता चोळता पटलं,
दुखणे.
बरोबर हाय.

रन म्हणजे धावणे, असं लिहून दिलं एकदा,
खाली बारीक अक्षरात: दुकान रन, मशीन रन, नाक रन.
मी म्हटलं, पोरी, आपल्यात ही सगळी चालतात.
घड्याळ चालतं, गिरण चालते, संसार चालतो,
कुणी कसं काय विचारलं तर, चालतंय की.
नाक तेवढं गळतं.
ती हसत बसली आणि एसटी चुकली.
तेवढ्यात मिस पण शिकून झालं.

वेअरनं तर कमाल केली.
लुगडं नेसायचं, पटका बांधायचा, गजरा माळायचा,
बांगड्या भरायच्या, चष्मा लावायचा, पायताण घालायचं,
एवढ्या सगळ्याला तिकडं एकच खुंटी.
बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणते,
धुणं कमी पडत असंल त्यांना.

पावणेतीनला सेलमचा ट्रक.
ड्रायव्हरला मराठी न्हाई, मला तमिळ न्हाई,
हिंदी दोघांचीबी उधारीची.
मी म्हटलं, वेट. तो थांबला.
म्हटलं, ईट? निम्मी भाकरी, खर्डा पुढं सरकवला.
पाण्याचा तांब्या दाखवून तो म्हणला, ड्रिंक?
शेवटी दोघंबी एकदम, स्लीप.
एवढ्यावर रात निघाली.
नाव विचारायचं राहिलंच. ते नाम ना.

मार्चात आफ्रीन म्हणली, "मामा, नोकरी लागली.
सांगलीला, बँकेत."
मी म्हटलं, आता लागणे लिही की इंग्लिशमधनं.
तिनं पेन टेकवलं.
मी सांगत गेलो,
भूक लागते, ठेच लागते, ऊन लागतं,
फोन लागतो, दिवा लागतो, शिंदीचा गूळ वेगळा लागतो,
उसाची लागण असते, लेकराचा लळा लागतो.
ती एकेकाला निराळं क्रियापद शोधत गेली,
पावती भरली, कडेनं उभं लिहिलं,
लळ्यापाशी थांबली.
हॉर्न वाजला.
"कळवते," म्हणली, पळाली.
रन रॅन रन.

आता काट्यावर पलूसचा पोरगा हाय. कामाला चोख.
रद्द पावत्या चुरगाळून टाकतो.
मी त्या मांडीवर घासून सरळ करतो.
काल एकीच्या पाठीवर लिहिलं: लागणे.
म्होरं रेघ मारली. रेघेच्या म्होरं कोरं.

आत गारठ्यात बेदाणा, खोक्यांवर छापलेलं कीप ड्राय.
कीप म्हणजे ठेवणे. कीप म्हणजे राखणे.
पगार त्याचाच घेतो मी, आत्ता कळलं.
कुत्रं पायावर हनुवटी टाकून पडलंय.
पहाटं चारच्या सुमाराला
माझाबी डोळा लागतो थोडा.
ते रजिस्टरात लिहीत न्हाई.